वातावरणच तसं आहे म्हणे!

टाकीत दोघं उतरले. वर आली ती दोन प्रेतं.

आमच्या तालुक्याच्या एमआयडीसीतली गोष्ट. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही म्हणणार, ती एक कंपनी हरामखोर, बाकीच्या बऱ्या. नाव कुठं लिहायचं असतं ते शेवटी सांगतो.

कंपनीच्या संडासांची टाकी तुंबली. मेंटेनन्सच्या साहेबाने ठेकेदाराला फोन केला. ठेकेदाराने मुकादमाला सांगितलं. मुकादम मोटरसायकलवरून निघाला तो थेट आमच्या वस्तीत. वाटेत अख्खं गाव लागतं. पारावर बेकार पोरं बसलेली असतात. त्यांना त्याने विचारलं नाही. त्याला घरं पाठ होती. पहिला उतरला आणि त्याचा आवाज बंद झाला. त्याला काढायला दुसरा उतरला. मैल्याच्या टाकीतला वायू माणसाला बोंब मारायलाही वेळ देत नाही.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा एक अधिकारी वस्तीत आला. इस्त्रीचा शर्ट, जोडलेले हात, बरोबर सरपंच आणि पाकीट. म्हणाला, "झालं ते फार वाईट झालं. पण तुम्हीही समजून घ्या. इथलं वातावरणच तसं आहे. ठेकेदार नियम पाळत नाहीत, पोरं मास्क घालत नाहीत, आणि ही कामं वर्षानुवर्षं हीच माणसं करत आलीत. एकटी कंपनी काय करणार?"

एका पोराची आई कोपऱ्यात बसली होती. ती एवढंच म्हणाली, "सायेब, तुमच्या हापिसातलं कुनी उतरलं असतं का त्यात?"

अधिकारी गप्प राहिला. उत्तर त्याला येत नव्हतं असं नाही. उत्तर तिथं बसलेल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दोस्तहो, त्याच्या तोंडातल्या त्या एका शब्दासाठी हे लिहितोय. वातावरण.

शिकलेली माणसं आता यावर पुस्तकं लिहितात. कंपनी वाईट वागते ती का? तर भोवतालचा समाज कसा आहे, शेजारच्या कंपन्या काय करतात, सरकारचा धाक किती, लोकांचा रोष किती, यावर कंपनीचं वागणं ठरतं. खरं आहे. आपल्याला हे पुस्तकं निघायच्या आधीपासून माहीत आहे. पाटील एकट्याच्या जोरावर पाटील नसतो. गाव पाठीशी असतं म्हणून तो पाटील असतो.

पण या एकाच खऱ्या गोष्टीतून दोन निकाल निघतात. मालक म्हणतो, समाजच असा आहे, म्हणून मी जबाबदार नाही. आपण म्हणायचं, समाज असा आहे हे तुला ठाऊक होतं, ते ठाऊक असून तू त्याच्यावर धंदा मांडलास, म्हणून तू दुप्पट जबाबदार आहेस. सगळं भांडण या दोन निकालांमधलं आहे.

*

मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू करू. १९२८ चा संप. सहा महिने गिरण्या बंद, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. त्या काळी साचे खातं म्हणजे कापड विणायचं खातं. तिथं पगार जास्त. आणि आपल्या माणसाला तिथं मज्जाव. का? तर धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. तोच धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाशी जाणार. महाराची थुंकी लागली तर सोवळं बाटणार. म्हणून महाराने साच्याला हात लावायचा नाही, कताई खात्यात कमी पगारात राबायचं. यंत्र विलायतेचं, भांडवल शेठजीचं, राज्य इंग्रजाचं आणि खात्याच्या दारावर पहारा मनूचा!

बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट सुनावलं: ही बंदी उठवायची मागणी तुमच्या यादीत घ्या, नाहीतर आमच्या माणसांनी तुमच्या संपात का यावं? पुढाऱ्यांनी कुरकुरत ती मागणी घातली. आणि मालकांचं त्यावर म्हणणं काय? हा अन्याय असेल तर असेल, पण त्याला आम्ही जबाबदार नाही.

हे पुन्हा एकदा वाचा. १९२८ चा शेठ आणि आमच्या वस्तीत पाकीट घेऊन आलेला साहेब एकच वाक्य बोलतात. मधे शंभर वर्षं व्हायला आली. स्वातंत्र्य आलं, घटना आली. वाक्य तेच राहिलं.

शेठ खोटं बोलत होता का? नाही. अर्धं खरं बोलत होता. बंदी चालवत होते ते सवर्ण साचेवाले. खांद्यावर लाल झेंडा आणि पोटात सोवळं. हे आपण लपवायचं कारण नाही, आणि डाव्या मित्रांनीही लपवू नये. पण गिरणीत कोण कुठल्या खात्यात काम करणार हे ठरवायचा हक्क कुणाचा होता? मालकाचा. दोनाऐवजी तीन साचे एकाच माणसाच्या गळ्यात मारायचे होते, तेव्हा तो कामगारांच्या चालीरीती विचारायला गेला नाही. मजुरी कापताना त्याला समाजाची भीड वाटली नाही. तिथं त्याची सत्ता चालली. शिवाशिवीपाशी आला की मात्र बिचारा लाचार!

ही लाचारी त्याला परवडत होती, गड्यांनो. कताईला स्वस्त हात मिळत होते. कामगार एकमेकांचा विटाळ धरत होते तोवर त्यांची एकजूट अर्धी राहत होती. न पेरता पीक हाती येत होतं, मग रान कुणाचं हे कोण विचारतो?

म्हणून तर १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे बाबासाहेबांनी आपले दोन शत्रू सांगितले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण ते भाषण घोकतो, पण दोन शत्रू म्हणजे दोन वेगळी घरं असं समजून चालतो. तसं नाही. ते एकाच घरात नांदतात आणि जबाबदारी आली की एकमेकांच्या दाराकडे बोट दाखवतात. मालक म्हणतो, हा धर्माचा मामला. धर्म म्हणतो, हा पोटापाण्याचा मामला. मधल्यामधे मरतो तो आपला माणूस.

*

कुणी म्हणेल, हा आपल्याच देशाचा रोग. मग १९७२ साली पँथरने नाव जिथून घेतलं त्या देशात जाऊ.

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट नावाचं ठिकाण आहे. तिथं १९३० साली नदीचं पाणी वळवून वीज करायला डोंगरातून सुमारे तीन मैलांचा बोगदा खणायला घेतला. काम कुणाचं? युनियन कार्बाइड कंपनीचं. खणणार कोण? ठेकेदार. तिथंही ठेकेदार! डोंगर सिलिकाचा. काच जिच्यापासून होते ती सिलिका. पाणी मारत ड्रिल चालवलं तर धूळ बसते, पण कामाला वेळ लागतो. कोरडं ड्रिल चालवलं. मंदीचे दिवस. पोटासाठी दक्षिणेतून आलेले काळे मजूर बोगद्यात सगळ्यांत जास्त. तपासायला येणारे साहेब तोंडाला मास्क लावून आत येत. मजुरांना मास्क नाही. काचेची धूळ छातीत बसली आणि माणसं महिन्यांत, वर्षा-दोन वर्षांत खोकून खोकून मेली. कंपनीच्या डॉक्टरांनी खरा रोग न सांगता बोगद्याचा ताप असलं काहीतरी नाव दिलं. गोऱ्यांच्या स्मशानात काळ्याला जागा नव्हती, म्हणून कित्येकांना शेतात पुरलं. १९३६ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली, तेव्हा ४७६ मेल्याचा आकडा निघाला. पुढे १९८६ साली एका डॉक्टराने शोध घेऊन तो ७६४ वर नेला. त्यासाठी एकही साहेब तुरुंगात गेला नाही.

आता तो मास्क आठवा. साहेबाच्या तोंडावरचा मास्क हा पुरावा आहे. धूळ मारते हे कंपनीला माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच उरत नाही. ज्ञान होतं, मास्कही होता. कुणाला द्यायचा एवढाच प्रश्न होता. आणि त्या प्रश्नाचं उत्तर कंपनीने तयार केलं नव्हतं. काळ्याची शाळा वेगळी, वस्ती वेगळी, मेल्यावर मातीही वेगळी, हे उत्तर समाजाने आधीच लिहून ठेवलं होतं. कंपनीने फक्त त्याच्याखाली सही केली.

सही करणारा मोकळा कसा?

*

चोपन्न वर्षांनी तीच युनियन कार्बाइड भोपाळमध्ये सापडते. इथल्या कंपनीत निम्म्याहून जास्त मालकी अमेरिकेच्या कंपनीची होती. १९८४ च्या २ डिसेंबरची रात्र सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या रात्रीच्या आधीचे दिवस बघा, कारण गुन्हा त्या दिवसांत आहे.

१९८१ साली त्या कारखान्यात एक कामगार विषारी वायूने मेला. १९८२ साली अमेरिकेतून आलेल्या कंपनीच्याच पथकाने कारखान्यातले दोष लिहून दिले. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या भोपाळच्या पत्रकाराने छोट्या वर्तमानपत्रात धोक्याची घंटा वाजवली. १९८४ साली पुन्हा वाजवली. विधानसभेत प्रश्न निघाला. मंत्र्याने उत्तर दिलं की कारखान्यात पंचवीस कोटींची गुंतवणूक आहे, तो काही उचलून दुसरीकडे ठेवायचा दगड नाही.

धंदा तोट्यात चालला होता. मग काटकसर सुरू झाली. विषारी मिथाइल आयसोसायनेट थंड ठेवायचं यंत्र बंद केलं. त्या विभागातली पाळीची माणसं बारावरून सहावर आणली. निसटलेला वायू जाळून टाकायचा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला. वायू धुऊन काढायचं यंत्र नुसतं उभं. टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे चाळीस टन विष हवेत गेलं. बाहेरच्या लोकांना सावध करायचा भोंगा वेळेवर धड वाजलासुद्धा नाही.

वायू गेला कुठं? जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला. भिंतीला लागून असलेल्या झोपड्या. गरीब मुसलमान, दलित, मागास जातींची मजूर माणसं. सरकारच्या हिशेबानेच मेलेल्यांचा आकडा पाच हजारांवर जातो. पीडितांच्या संघटना त्याच्या कितीतरी पट सांगतात. आणि शहाणे विचारतात, हे लोक कारखान्याच्या भिंतीला लागून राहायला गेलेच कशाला? जसं काही गावकुसाबाहेर आपण हवा खायला राहिलो होतो!

अमेरिकेत हेच विष जिथं बनत होतं ते गाव कुठलं? पुन्हा वेस्ट व्हर्जिनिया. इन्स्टिट्यूट नावाचं गाव, काळ्यांच्या जुन्या कॉलेजाला लागून. भोपाळनंतर कंपनीने तिथं सुरक्षेची ग्वाही दिली. ऑगस्ट १९८५ मध्ये तिथूनही वायू सुटला आणि १३५ लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. नकाशा उघडा आणि बोट ठेवत जा. हॉक्स नेस्ट, इन्स्टिट्यूट, भोपाळ. कंपनी समुद्र ओलांडते, वस्ती तीच शोधते.

आता हिशेब बघा. कार्बाइडचा मुख्य साहेब वॉरन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ ला भोपाळला पकडला गेला आणि त्याच दिवशी जामिनावर सुटून सरकारी विमानाने दिल्लीला गेला. खटल्याला तो कधीच उभा राहिला नाही. २०१४ साली म्हातारपणाने मेला. १९८९ साली सत्तेचाळीस कोटी डॉलरला तडजोड झाली आणि बहुतेक जखमींच्या हातात आधी पंचवीस हजार रुपये पडले. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने सदोष मनुष्यवधाचं कलम काढून निष्काळजीपणाचं लावलं, म्हणजे भरधाव ट्रक चालवणाऱ्याला लावतात ते. २०१० साली, सव्वीस वर्षांनी, सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही मिळाला. २०२३ साली जास्त भरपाईचा सरकारचा अर्ज सुप्रीम कोर्टाने फेटाळला.

१९७२ साली राजा ढाल्यांनी 'साधना'त दंडांची तुलना मांडली होती. या देशात आमच्या बाईच्या अब्रूची किंमत किती, असा सवाल टाकला होता. केवढा गदारोळ झाला! तुलना चुकली म्हणून नाही, तुलना केली म्हणून. तोच सवाल भोपाळच्या दंडापुढे ठेवा. कोर्टाचा दंडसुद्धा वातावरणाचाच भाग असतो. मालक तो वाचतो आणि पुढच्या वर्षीचा खर्च त्यावर ठरवतो.

कंपनी आली की सरकारकडे जमीन मागते, पाणी मागते, वीज मागते. चौथी गोष्ट तिला मागावी लागत नाही. स्वस्तात मरणारं माणूस. ते या देशात जातीने आधीच तयार करून ठेवलंय. त्याची विधवा कोर्टापर्यंत पोचणार नाही, त्याची बातमी दोन ओळींच्या वर जाणार नाही, त्याच्या मरणाने गावात चूल थांबणार नाही. ही खात्री म्हणजे वातावरण. ती कुठल्या करारात लिहिलेली नसते, पण नफ्याच्या आकड्यात असते.

*

यावर त्यांचं औषध काय? सामाजिक जबाबदारी! २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सांगितलं की नफ्यातले दोन टक्के समाजाच्या कामाला द्या. शंभरातले दोन. जबाबदारी म्हणजे दोन रुपयांचं दान, आणि अठ्ठ्याण्णव रुपये कसे मिळवले त्याबद्दल या कलमात अवाक्षर नाही. टाकीत माणूस उतरवला त्याची जबाबदारी नाही, शाळेला बाकडी दिली त्याची जबाबदारी! येसकराला भाकरतुकडा घालून गाव जसं पुण्य मिळवत होतं, तसं हे पुण्य.

आणि हे ठरवणारे कोण? देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांची जात शोधणारा एक अभ्यास २०१२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. शंभरातले त्र्याण्णव संचालक वरच्या जातींचे निघाले. दलित आणि आदिवासी मिळून चारसुद्धा भरत नव्हते. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी एकाच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवून पाहिले. दलित आडनावाला बोलावणं कमी आलं. म्हणजे वर बसणारे कोण हे ठरलेलं, खाली उतरणारे कोण हेही ठरलेलं. आणि म्हणे बाजाराला जात नसते!

काही जण सांगतात, आपल्यातले उद्योगपती होऊ द्या, मग बदलेल. होऊ द्या. कुणाच्या पोटावर पाय नाही. पण टेंडर सर्वांत कमी दराला मिळणार असेल, आणि टाकी साफ करायच्या यंत्रापेक्षा आपल्या वस्तीतलं पोर स्वस्त पडणार असेल, तर खुर्चीवर बसलेल्याच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असून काय होणार? टाकीच्या तोंडाशी उभा असेल तो आपलाच पोरगा.

*

आता आपल्या ताटातलं बघू. कारण वातावरण म्हणजे फक्त ते नव्हेत. आपणही.

मोटरसायकलवरून वस्तीत आलेला तो मुकादम आपलाच. जयभीमवाला. त्याचं पोट त्या ठेक्यावर. तो रडला, प्रेताला खांदा दिला, आणि महिन्याभरात दुसऱ्या कंपनीच्या टाकीला दुसऱ्या वस्तीतली पोरं घेऊन गेला. मी त्याला जाब विचारला. म्हणाला, "मी नाही नेली तर दुसरा कोणी नेईल. वातावरणच तसं आहे, भाऊ." शेठचं वाक्य, साहेबाचं वाक्य, आता आपल्या माणसाच्या तोंडात.

आणखी ऐका. चार महिन्यांनी १४ एप्रिल आला. वस्तीच्या मंडळाला त्याच कंपनीकडून वर्गणी आली. वह्यावाटप झालं. कमानीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली कंपनीचं नाव झळकलं. ज्या पोराला टाकीतून काढलं त्याच्या पुतण्याच्या हातात कंपनीचा शिक्का असलेली वही. मंडळात मीही होतो. बैठकीत मी हात वर केला नाही. पोरांना वह्या मिळतायत, कशाला मोडता घाला, असं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं नाही तर त्या साहेबात आणि माझ्यात फरक काय?

दोन पळवाटा आपल्यातही चालतात. एक म्हणतो, तो अधिकारी वाईट होता, बाकी कंपनी चांगली. हा भाबडा. दुसरा म्हणतो, व्यवस्थाच सडलेली, एका अधिकाऱ्याला धरून काय होणार? हा जास्त घातक, कारण त्याची भाषा आपल्यासारखी असते. व्यवस्था दोषी म्हणजे सगळे दोषी, आणि सगळे दोषी म्हणजे कोणीच नाही. व्यवस्थेला हातकडी घालता येत नाही. टाकीत उतरायचा हुकूम व्यवस्थेने दिला नाही. एका हाताने फोन उचलला, एका हाताने कागदावर सही केली. तो हात धरता येतो.

घटना लिहिताना बाबासाहेबांनी आणि घटना समितीने काय केलं? अस्पृश्यता वाईट आहे, समाजाने ती हळूहळू सोडावी, असा उपदेश केला नाही. कलम १७ ने ती बंद केली आणि ती पाळणं हा शिक्षेचा गुन्हा ठरवला. सरकारने पाळो, शेजाऱ्याने पाळो, कंपनीने पाळो. समाजाचा रोग म्हणजे माणसाचा गुन्हा नव्हे, ही पळवाट तिथंच बुजवली.

*

मग वातावरण बदलायचं कसं?

महाड आठवा. १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं मोकळं केलं. कागदावर. तीन वर्षं एकाही अस्पृश्याला घोट मिळाला नाही. का? गावाचं वातावरणच तसं होतं! बाबासाहेबांनी वातावरण निवळायची वाट बघितली नाही. २० मार्च १९२७ ला माणसं घेऊन तळ्यावर गेले. डोकी फुटली. नगरपालिकेने घाबरून ठराव मागे घेतला. खटला चालला, आणि १९३७ साली हायकोर्टात आपण जिंकलो. वातावरण आधी बदललं आणि मग माणसं पाण्यात उतरली, असं झालं नाही. माणसं उतरली म्हणून ते बदललं.

भोपाळच्या बायकांनी तेच केलं. १९८९ च्या तडजोडीत कंपनीवरचे फौजदारी खटलेसुद्धा मिटवले होते. गॅसपीडित बायका दिल्लीला गेल्या, रस्त्यावर बसल्या, कोर्टात भांडल्या. १९९१ साली सुप्रीम कोर्टाला ते खटले पुन्हा उघडावे लागले. २०१० ची ती फुटकळ शिक्षासुद्धा त्यांच्यामुळे. नाहीतर तेवढीही नव्हती. कारखान्यात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत तिथून हलला, तोही चाळीस वर्षं कुणीतरी ओरडत राहिलं म्हणून. आणि हलवला कुठं? पीथमपूरला. तिथले लोक रस्त्यावर उतरले, कारण कचराही वस्ती बघूनच जातो.

म्हणजे वातावरण हे आभाळ नव्हे. ते माणसांनी केलेलं असतं आणि माणसांनी मोडता येतं. आपण गप्प बसलो की ते मालकाचं भांडवल होतं. आपण उभे राहिलो की तोच त्याचा धाक होतो.

आता कामाचं बोलतो.

एक. २०१३ च्या कायद्याचं कलम ७ पाठ करा. गटारात, मैल्याच्या टाकीत सुरक्षेच्या साधनांशिवाय सफाईला माणूस उतरवायला बंदी आहे, थेट किंवा आडून. हा 'आडून' शब्द सोन्याचा आहे. ठेकेदाराच्या आड लपलेला साहेब त्यात येतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने दलिताला मैला उपसायला लावणं हा गुन्हा आहे. ही कलमं पोलीस आपणहून लावत नाहीत. लावून घ्यावी लागतात.

दोन. मरणाच्या दिवशीच कागद मागा. काम कुणी सांगितलं, परवानगीवर सही कुणाची, हवा तपासली का, पट्टा आणि श्वासाचं यंत्र कुठं होतं. औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. चौथ्या दिवशी कागद बदललेले असतात.

तीन. भरपाई घ्या, पण भरपाई घेऊन गप्प बसू नका. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने दहा लाख ठरवले, २०२३ साली तीस लाख. तो बाईचा हक्क आहे, साहेबाची मेहेरबानी नाही. किंमत वाढली, उतरणारा तोच राहिला, हे विसरू नका.

चार. ज्या कंपनीत आपला माणूस मेला तिची वर्गणी जयंतीला घ्यायची नाही. कमान साधी उभारू. वह्या आपण घेऊ.

पाच. आपल्यातला जो शिकून सेफ्टी ऑफिसर झाला, पर्सोनेलमध्ये लागला, त्याला सांगा: तुझी सही हे तुझं चवदार तळं आहे. खोट्या कागदावर सही करायची नाही. नोकरीवर आलं तर वस्तीने त्याच्या पाठीशी उभं राहायचं. नाहीतर त्याला शिव्या द्यायचा हक्क आपल्याला नाही.

आणि ते नाव. सुरुवातीला म्हणालो होतो, कुठं लिहायचं ते सांगतो. नाव मासिकात लिहून काही होत नाही. ते फिर्यादीत लिहायचं असतं. आमच्या दोघांच्या फिर्यादीत नाव होतं फक्त मुकादमाचं. हवालदाराने विचारलं, "कुणी उतरवलं?" आम्ही मुकादमाचं सांगितलं, कारण आम्हाला तेवढंच माहीत होतं. फोन करणाऱ्या साहेबाचं नाव आम्ही विचारलंच नव्हतं. ठेकेदार सुटला, साहेब सुटला, कंपनी तर आरोपीच्या यादीतसुद्धा नव्हती. त्या आईने बरोबर प्रश्न विचारला होता. आम्ही तो लिहून घेतला नाही.

पुढच्या वेळी लिहून घ्या. पूर्ण नाव, हुद्दा, सही. तेवढं झालं की म्हणू द्या त्यांना वातावरण तसं आहे म्हणून. कोर्टात उभं राहून म्हणू द्या.

जयभीम.